फोनवरचा नकार

अर्धापूर म्हटलं की लोकांना केळी आठवतात. मला हल्ली एक क्लेम नंबर आठवतो!

तर झालं असं, की गेल्या वर्षी जानेवारीत बाबा रात्री नांदेडहून अर्धापूरला परत येत होते. पुढे केळीच्या घडांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. गाडीचं तोंड चेपलं, बाबांचं मनगट मोडलं. तीन दिवस नांदेडला दवाखान्यात गेले. मी पुण्याहून धावत आलो. या गडबडीत विमा कंपनीला कळवलं चौथ्या दिवशी.

सर्व्हेयर आला, फोटो काढून गेला. मग फोनाफोनी सुरू. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. शेवटी एकाने सांगितलं, "सर, उशिरा कळवलंय, संशयास्पद वाटतंय. क्लेम होणार नाही."

फोन स्पीकरवर होता. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाबांनी प्लॅस्टरमधल्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलायलोय का?"

दुरुस्तीचा खर्च एक लाख बारा हजार होता. पण त्यापेक्षा हे जास्त लागलं.

गॅरेजवाले मामा म्हणाले, "फोनवर कोणीबी काहीबी बोलतंय. लिहून मागा की!" पटलं. आमच्या धंद्यात तरी काय वेगळं आहे? लॉग न केलेला बग कधी कोणी दुरुस्त केलाय?

त्याच रात्री कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाकला. नकार लेखी द्या, पॉलिसीचं कलम सांगा, सर्व्हे रिपोर्टची प्रत पाठवा. सोबत दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जोडलं, आणि दोन दाखले. एक, विमा नियामकाचं सप्टेंबर 2011 चं परिपत्रक: उशिराचं कारण खरं असेल तर केवळ उशीर झाला म्हणून दावा फेटाळू नका. दुसरा, सुप्रीम कोर्टाचा 2017 चा ओमप्रकाश निकाल. तिथे ट्रक चोरीला गेला होता आणि कळवायला आठ दिवस लागले होते, तरी दावा मान्य झाला.

पुढची वाटही माहीत करून घेतली होती. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील नाही. नाहीतर ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बाबांना नांदेडच्या पुढे जायची गरज नव्हती.

एवढं काही लागलं नाही. एकोणिसाव्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं. प्लॅस्टिकच्या पार्ट्सचे निम्मे आणि वरचे हजार रुपये कापले, ते पॉलिसीतच लिहिलेलं असतं. संशयाचा उल्लेख नव्हता, माफीचाही नव्हता. बाबांनी प्रिंटआउट दोनदा वाचला आणि पेन्शनच्या फाइलला लावला.

असो. तुम्हालाही कोणी फोनवर "होणार नाही" म्हणालं, तर वाद घालू नका. नम्रपणे विचारा, "मेल करता का?"