अपूच्या गच्चीवरची बाग

कोकराचे डोळे काढायला फार रेषा लागत नाहीत. दोन वर्तुळं, आत दोन ठिपके. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतली आठ वर्षांची लिसा दुपारी एका उद्यानात अशाच डोळ्यांच्या कोकराला भेटते. रात्री घरी ताटात कोकराच्या चॉप्स येतात आणि तिचा हात थबकतो. ताटातला तुकडा आणि दुपारचा तो मऊ जीव एकच, हे तिला आता दिसत असतं. एकदा दिसलेलं न दिसल्यासारखं करणं तिच्या स्वभावात नाही. १५ ऑक्टोबर १९९५ रोजी प्रथम दाखवलेल्या या भागाचं नाव ‘लिसा द व्हेजिटेरियन’. लेखन डेव्हिड कोहेन यांचं, दिग्दर्शन मार्क कर्कलंड यांचं.

या मालिकेत दडवलेले संदर्भ हुडकण्याचा छंद जगभर आहे. कुठल्या पाटीवर काय लिहिलंय, कुठलं वाक्य कुठल्या गाण्यातून आलंय, हे लोक चित्र थांबवून थांबवून बघतात. या एका भागातले संदर्भ मात्र हुडकून संपत नाहीत. एकेकाचा माग काढत गेलं की पाय मातीला लागतात. कधी जंगलातल्या, कधी समुद्रतळाच्या.

मांस सोडण्यावरून घरीदारी सगळ्यांशी भांडून थकलेली लिसा दुकानदार अपूकडे येते, हताश होऊन हॉट डॉगचा घास घेते आणि कळतं, की तो टोफूचा आहे. अपूने हा बदल केव्हाच केला होता, गिऱ्हाइकांना पत्ताही नव्हता. मग तो तिला शीतकपाटाच्या एका दारामागून, चोरजिन्याने वर नेतो. वर गच्चीवर बाग आहे. दिवसभर पाकीटबंद खाणं विकणाऱ्या माणसाने डोक्यावर हिरवी सावली राखलेली. तिथे ‘बीटल्स’ या बँडमधला पॉल मॅकार्टनी आणि त्याची पत्नी लिंडा भेटतात, स्वतःच्याच आवाजात.

त्या सावलीविषयी पॉल सहज एक वाक्य बोलून जातो. त्याचं मूळ बीटल्सच्या ‘ऑक्टोपसेस गार्डन’ या गाण्यात आहे. १९६८ मध्ये बीटल्समधलाच रिंगो स्टार सार्डिनियाच्या समुद्रात एका बोटीवर होता. बोटीच्या कप्तानाने त्याला सांगितलं, की ऑक्टोपस तळावरचे दगड आणि चकचकीत वस्तू गोळा करून बाग मांडतो. ही दंतकथा नव्हे. तो मऊ अंगाचा, आठ हातांचा प्राणी खरोखरच दगड, शिंपले ओढून आणतो, बिळाच्या तोंडाशी रचतो आणि त्यांच्या आडोशाला अंग चोरून बसतो. खाल्लेल्या खेकड्यांची कवचंही तिथेच साठत जातात. ज्याला स्वतःचं कवच नाही, त्याने समुद्राकडून मागून घेतलेलं हे अंगण. गच्चीवरच्या एका वाक्याखाली एवढा समुद्र आहे.

गच्चीवरच कळतं, की अपूची आणि पॉलची ओळख भारतातली, महर्षींच्या दिवसांतली. ओळख कल्पित आहे, पण ते दिवस खरे. १९६८ च्या फेब्रुवारीत बीटल्स ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात आले. खाली गंगा, वर सालाच्या झाडांनी भरलेला डोंगरउतार, माकडं, मोर. महर्षींच्या निसर्गावरच्या एका प्रवचनातून पॉल आणि जॉन लेनन या दोघांनाही एकेक गाणं सुचलं. पॉलचं ते ‘मदर नेचर्स सन’. पुढे आश्रम ओस पडला. नदीतले गोटे लावून बांधलेल्या अंडाकृती ध्यानकुटींवर वेली चढल्या, भिंतींच्या भेगांतून रोपं वर आली. चौरासी कुटिया म्हणतात त्या जागेला. ती आज राजाजी व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि डिसेंबर २०१५ पासून वनखात्याने ती लोकांसाठी उघडली आहे. वनाने आपली जागा हळूहळू परत घेतली, आणि मला ते योग्यच वाटतं.

सगळ्यात खोल माग मात्र कोकराचाच. स्कॉटलंडच्या किंटायर द्वीपकल्पावर मॅकार्टनींचं शेत. पावसाची, वाऱ्याची, मेंढ्यांची जमीन. एकदा पॉल आणि लिंडा कोकराचं मटण जेवत होते आणि खिडकीबाहेर कोकरं बागडत होती. त्या जेवणानंतर आपण मांस सोडलं, असं दोघं सांगत आले. लिसाच्या ताटाचा प्रसंग त्यावरूनच बेतला, असं मी म्हणणार नाही. पण गच्चीवर त्या मुलीला धीर देणारी माणसं कधीकाळी तिच्याच जागी बसली होती, हे ठाऊक झालं की त्या भेटीपुढे मान लवते.

लिसाच्या वडिलांच्या, होमरच्या पार्टीतलं भाजलेलं डुक्कर झुडपांतून, नदीतून, धरणातून थेट आभाळात उडतं. लोकांना या भागातलं तेच आठवतं. माझं मन त्याहून शेवटच्या नावांपाशी रेंगाळतं. तिथे पॉलचं, लिंडासाठी लिहिलेलं ‘मेबी आय’म अमेझ्ड’ वाजतं. ते उलटं फिरवलं तर पॉलच्या आवाजात मसुराच्या सुपाची कृती ऐकू येते, आणि आपण जिवंत असल्याचा निरोपही. १९६९ मध्ये पॉल वारल्याची अफवा उठली, तेव्हा लोक बीटल्सच्या तबकड्या उलट्या फिरवून पुरावे शोधत होते, त्याचं हे उत्तर. बीटल्सनी उलटं गायन प्रथम ऐकवलं होतं ते १९६६ च्या ‘रेन’मध्ये, ऊन-पावसावरच्या गाण्यात. आणि या सगळ्याच्या तळाशी दडवलेलं काय, तर मसूर. थंडीत वाढणारं, जेमतेम गुडघ्याएवढं होणारं रोप. मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधून ते जमिनीचं पोट भरतं, मग आपलं. एवढ्या प्रसिद्ध गाण्याच्या पोटात ठेवायला याहून मोलाची वस्तू मला सुचत नाही.

या भागासाठी आवाज देताना मॅकार्टनी दांपत्याने एक अट घातली होती: लिसा कायमची शाकाहारी राहील. या मालिकेत मुलं मोठी होत नाहीत, एका भागात घडलेलं पुढच्या भागात बहुतेक पुसलं जातं. लिंडा १७ एप्रिल १९९८ ला गेल्या. त्याच महिन्यात दाखवलेला, शहराच्या कचऱ्यावरचा भाग मालिकेने त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. अट मात्र त्यांच्यामागेही पाळली गेली. लिसा अजून मांस खात नाही.