समृद्धीवर हायब्रिड सात सीटर : कंपनीचा आकडा आणि आपला वेग

मंडळी, पोहरादेवी, मानोरा, दिग्रस भागात सध्या एक प्रश्न सारखा कानावर येतो : "सात सीटर घ्यायची आहे, डिझेल घेऊ की हायब्रिड?" कुणाला घरासाठी हवी, कुणाला यात्रेकरूंच्या भाड्यासाठी. हप्ता मात्र दोघांनाही वर्षानुवर्षं फेडायचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरच्या मंडळींना घेऊन मी इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडने कारंजाला समृद्धीवर चढलो आणि शिर्डीला गेलो. गाडी भरलेली, वर बॅगा. पळायला काही कमी नाही. 2 लिटरचं पेट्रोल इंजिन आणि मोटर मिळून 186 पीएस ताकद. ट्रकला ओव्हरटेक करताना पाय दाबला की मोटर लगेच साथ देते. चढावर जोर दिला तर इंजिनचा आवाज एकदम चढतो, पण तो गिअरबॉक्सच्या रचनेमुळे. बिघाड नाही, घाबरू नका.

आता अ‍ॅव्हरेज. कंपनी लिटरला 23.24 किमी सांगते. हा चाचणीतला आकडा आहे. हायब्रिडची खरी कमाई ब्रेकमध्ये असते. ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते आणि हळू चालताना तीच वापरली जाते. रामनवमीच्या यात्रेत गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात ना, तिथे ही गाडी बराच वेळ इंजिन बंद ठेवून चालते. मानोऱ्याच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर, गुरं, गावं, तिथेही फायदा.

समृद्धीवर ब्रेकच लागत नाही, तर बॅटरी भरणार कशी? जवळपास सगळा भार इंजिनवर. त्यात हवेचा हिशोब : वेग 100 वरून 120 केला की हवेचा विरोध 44 टक्क्यांनी वाढतो. गाडी उंच आणि रुंद, म्हणजे तो जाणवणारच. आणि वाचतं काय? 200 किमीला 100 च्या वेगाने 2 तास, 120 ने 1 तास 40 मिनिटं. फक्त 20 मिनिटं, भाऊ!

पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. ही गाडी आतून इतकी शांत की 120 चा वेग 80 सारखा वाटतो. रस्ता सरळ, मागे सगळे झोपलेले, चालकाचेही डोळे जड. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर बसच्या अपघातात 25 जण गेले, हे आपण विसरायला नको. 120 ही मर्यादा आहे, सक्ती नाही. निघण्याआधी टायरची हवा बघा, दर दोन तासांनी थांबा. आणि आता 701 किमीचा अख्खा रस्ता सुरू झाला आहे, तर थांबायला स्वच्छ, उजेडाच्या, सुरक्षित जागा भरपूर हव्यात, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे.

माझं मत : गावरस्ते आणि यात्रा जास्त असेल तर हायब्रिड परवडेल. रोज नागपूर-मुंबई करायची असेल तर 23 धरून हप्त्याचं गणित मांडू नका.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी टाकी फुल ते टाकी फुल अ‍ॅव्हरेज मोजून इथे लिहा. वेग किती ठेवला होता तेही सांगा. घेणाऱ्याचं भलं होईल.