१४ इंची चौकोन

"किती टनाचा एसी बसवू?" हा प्रश्न मला आठवड्यातून तीन-चारदा येतो. टनात विचारणारा माणूस आपल्याकडचा, हे फोनवरच कळतं. इथले, अमेरिकेतले लोक बीटीयू या उष्णतेच्या मापात बोलतात. मापं दोन, गोष्ट एकच. माझे वडील नाशिकला बर्फाच्या कारखान्यात होते. मिठाच्या पाण्याच्या टाकीत पाण्याने भरलेले डबे सोडायचे, लादी धरली की काढायची, पहाटे हातगाड्या दाराशी उभ्या. एसीचा टन त्या बर्फातूनच आला आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना भोवतालची जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता उपसणारं यंत्र एक टनाचं. बीटीयूत सांगायचं तर तासाला १२,०००. आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या छतावर बसणारे एसी बहुतेक १३,५०० नाहीतर १५,००० बीटीयूचे असतात. त्यातला मोठा तो सव्वा टनाचा.

नाशिकच्या आयटीआयत रेफ्रिजरेशन शिकलो आणि पोटापाण्यासाठी फिरत फिरत ॲरिझोनात आलो. फिनिक्सच्या आसपास लोकांच्या ट्रेलरच्या आणि मोटरहोमच्या छतावर चढणं हे माझं काम. इथल्या जवळजवळ प्रत्येक आरव्हीच्या छताला १४ इंच बाय १४ इंचाचं चौकोनी भोक असतं. त्यात हवेची खिडकी बसते, पंखा बसतो, एसीही बसतो. कंपनी कुठलीही असो, चौकोन तोच. त्यामुळे लोकांना वाटतं की निवड सोपी आहे: जुना उचलायचा, नवा ठेवायचा, चार बोल्ट आवळायचे. यंत्र बसतं हे खरंच. पण ते तुमच्या उपयोगाचं आहे की नाही, हे चौकोन सांगत नाही. म्हणून "किती टनाचा" या प्रश्नाला मी उलट प्रश्न करतो: रात्री गाडी कुठे उभी करणार?

कुठे, म्हणजे आधी कुठल्या खांबाला. इथल्या कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी दोन प्रकारची मिळते. ३० अँपिअरची असेल तर १२० व्होल्टने ३,६०० वॅट हातात येतात. ५० अँपिअरची असेल तर दोन तारांवर मिळून १२,०००. फरक नावात वीसचा दिसतो, प्रत्यक्षात तो तिपटीहून जास्त आहे. भर उन्हात सव्वा टनाचा एसी एकटा १५ अँपिअरच्या आसपास खातो. त्यात पाणी तापवायचा विजेचा गीझर १२ अँपिअरचा, आणि कोणीतरी मायक्रोवेव्हमध्ये भात गरम करायला ठेवतं. ब्रेकर पडतो. एसी खराब आहे म्हणून मला बोलावतात आणि एसीला काहीही झालेलं नसतं. ३० अँपिअरची गाडी असेल तर मी १३,५०० वरच थांबायला सांगतो आणि उरलेले पैसे छताच्या खिडक्यांना उष्णतारोधक गाद्या लावण्यात घालायला सांगतो.

आता हीट पंप. हा शब्द ऐकला की लोकांना काहीतरी वेगळं यंत्र डोळ्यांसमोर येतं. फ्रिजच्या मागच्या बाजूला हात लावून बघा, कोमट लागतं. आतल्या भाजीतली, दुधातली उष्णता काढून त्याने मागे टाकलेली असते. एसीही हेच करतो, घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्याला उलटा फिरवला तर बाहेरची उष्णता उचलून आत आणेल. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ सालीच हा विचार मांडला होता. छतावरच्या यंत्रात एसी उचलून फिरवावा लागत नाही. दिशा उलटवणारी एक झडप, रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह, रेफ्रिजरंटचा रस्ता बदलते. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला नुसतं 'गॅस' म्हणतात, तोच हा रेफ्रिजरंट. झडप सरकते तेव्हा छतातून 'फुस्स' असा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणारा घाबरतो. मला तो आवाज आवडतो. यंत्र शहाणं आहे, असं वाटतं.

फायदा मोठा आहे. विजेची कॉइल तापवली तर एका युनिटमधून एकाच युनिटची ऊब मिळते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, वाहून आणतो, म्हणून बाहेर बरी हवा असेल तर त्याच युनिटमध्ये दोन-अडीच पट ऊब देतो. काही एसींमध्ये 'हीट स्ट्रिप' नावाची साधी विजेची पट्टी असते, ५,६०० बीटीयूच्या आसपासची. दुकानात दोन्ही यंत्रांवर 'कूलिंग आणि हीटिंग' असंच लिहिलेलं असतं. पण पट्टी फक्त पहाटेचा गारठा मोडते. घेताना आत झडप आहे की पट्टी, हे विचारलंच पाहिजे.

आणि हीट पंपालाही मर्यादा आहे. बाहेरच्या हवेतून उष्णता उचलायची तर छतावरची कॉइल त्या हवेपेक्षा गार असावी लागते. बाहेर ४० फॅरनहाइट, म्हणजे साडेचार सेल्सिअसच्या आसपास आलं की कॉइल गोठणबिंदूच्या खाली जाते, तिच्यावर दंव धरतं, हवा जायची वाट बुजते. घरच्या मोठ्या हीट पंपांना दंव वितळवायची सोय असते. छतावरच्या बहुतेक यंत्रांना ती नसते. ती ४० च्या सुमारास थांबतात. यात बिघाड काही नाही, बनवणाऱ्याने ठरवूनच तसं केलेलं असतं.

हे एका काका-काकूंना कोणी सांगितलं नव्हतं. न्यू जर्सीतून निवृत्त होऊन त्यांनी २८ फुटी ट्रेलर घेतला आणि ग्रँड कॅन्यन बघायला निघाले. वाटेत एसी गेला. एका दुकानाने हीट पंपवाला नवा बसवून दिला आणि सांगितलं, आता प्रोपेनची आणि त्यावर चालणाऱ्या फर्नेसची, म्हणजे गरम हवा देणाऱ्या भट्टीची, गरज नाही. काकांनी दोन्ही सिलिंडर रिकामे करून टाकले, तेवढंच वजन कमी. नोव्हेंबरात ते फ्लॅगस्टाफला मुक्कामाला थांबले. ॲरिझोना म्हटलं की लोकांना वाळवंट आठवतं, पण फ्लॅगस्टाफ २,१०० मीटर उंचीवर आहे. पारा २० फॅरनहाइटपर्यंत, शून्याखाली सहा-सात सेल्सिअसपर्यंत उतरला. हीट पंप थांबला. त्यांच्याकडे विजेचा छोटा हीटर होता, त्यावर रात्र निभावली. पहाटे काकूंनी नळ सोडला तर पाणी नाही.

मी पोचलो तेव्हा काका कानटोपी घालून बाहेरच उभे होते. "अहो, आतमध्ये तर चांगलं उबदार होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी चटई टाकून गाडीखाली शिरलो आणि पोटाचा पत्रा सोडला. निळा आणि लाल, असे दोन प्लॅस्टिकचे पाइप. निळ्या पाइपच्या कोपऱ्यावर करंगळीएवढी चीर आणि तिच्यातून बाहेर आलेली बर्फाची पातळ पाकळी. शेजारीच बोट ठेवण्याइतक्या अंतरावर फर्नेसच्या गरम हवेची जाड नळी होती, मोकळ्या तोंडाची, पोटातच सोडलेली. मी काकांना वाकून बघायला सांगितलं. थंडीत वापरायच्या अशा गाडीत फर्नेस फक्त माणसांना ऊब देत नाही. ती पाण्याच्या टाक्या आणि पाइप गोठू देत नाही. छतावरचा एसी कितीही चांगला असला तरी त्याची गरम हवा छतातून येते आणि छतापाशीच राहते. तुमची टाळू तापते, पाय गार राहतात आणि गाडीच्या पोटाला काहीच मिळत नाही.

"म्हणजे हा घेऊन आम्ही फसलो का?" काकूंनी विचारलं. नाही, काकू. यंत्र चांगलंच आहे, त्याच्याविषयी सांगितलं ते अर्धं होतं. बाहेर ४५ ते ६० फॅरनहाइट असेल, म्हणजे सात ते साडेपंधरा सेल्सिअस, आणि गाडी खांबाला जोडलेली असेल, तेव्हा हीट पंपाला तोड नाही. रोजच्या मुक्कामाला वीज सहसा भाड्यातच धरलेली असते, प्रोपेन मात्र आपल्या खिशातून जातो. २० पौंडी सिलिंडरवर ३०,००० बीटीयूची फर्नेस सलग चालवली तर चौदा-पंधरा तासांत सिलिंडर संपतो. दिवसा हीट पंप, कडाक्याच्या रात्री फर्नेस, असा संसार चालवला तर सिलिंडर कितीतरी जास्त दिवस पुरतो.

मात्र खांबच नसेल तर गणित उलटतं. फिनिक्सपासून पश्चिमेला दोनशे किलोमीटरवर क्वार्ट्झसाइट नावाचं छोटं गाव आहे. हिवाळ्यात त्याच्या भोवतीच्या सरकारी वाळवंटात आरव्ही हजारोंनी येऊन उतरतात. ना वीज, ना नळ. तिथली दिवसाची हवा हीट पंपासाठी अगदी योग्य, पण त्याला वीज द्यायची कुठून? जनरेटर तासन्‌तास चालवणं शेजाऱ्यांना आणि खिशालाही परवडत नाही. तिथे राहणाऱ्याला मी साधा एसी घ्यायला सांगतो आणि हीट पंपाचे जास्तीचे पैसे बॅटरीत घालायला सांगतो.

कंपन्यांविषयी फार बोलत नाही. कोलमन-मॅक आणि डोमेटिक ही इथली जुनी नावं, नवीही बरीच आली आहेत. नावापेक्षा भिंतीवरचा थर्मोस्टॅट महत्त्वाचा. एका कंपनीचा थर्मोस्टॅट दुसरीच्या एसीशी सहसा बोलत नाही, आणि जुना एसी फक्त गार करणारा असेल तर झडपेसाठी लागणारी जास्तीची तार भिंतीत असेलच असं नाही. आधी कव्हर उघडून तारा मोजा, मग पैसे द्या.

एका गोष्टीवर मात्र मी हट्ट धरतो. एसी गार करत नाही म्हणून नवा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी दोन थर्मामीटर लावायला लावतो, एक हवा आत ओढणाऱ्या जाळीपाशी आणि एक जवळच्या झोतात. दोन्हींत १६ ते २२ फॅरनहाइटचा फरक आला तर यंत्र ठणठणीत आहे. (बाहेरच्यापेक्षा आत वीसच डिग्री कमी होतात, असं इथे सर्रास सांगतात. ते याच मोजणीचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे. वीसचा फरक कॉइलच्या दोन बाजूंमधला आहे, घराच्या आतबाहेरचा नव्हे.) फरक चांगला आणि तरी घर तापलेलं, तर मी छताची आतली जाळी काढतो. १४ इंची चौकोनाच्या आत, परतणारी गरम हवा आणि निघालेली गार हवा यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. कारखान्यात तो घाईने लावलेला असतो, कडेला बोटभर फट राहते. गार हवा खोलीत येण्याआधीच तिथून परत ओढली जाते. ॲल्युमिनियमची टेप घेऊन फट बुजवायची, अर्ध्या तासाचं काम. कितीतरी लोकांचा नवा एसी मी असा वाचवला आहे, आणि धंदा बुडाला असं मला कधीच वाटलं नाही.

बोल्टांचंही तसंच. एसीखालचं फोमचं गास्केट दाबून साधारण अर्धं व्हायला हवं, त्याहून जास्त नाही. पहिल्या वर्षी मी एका वृद्ध बाईंच्या गाडीवर जोर लावून बोल्ट आवळले. गास्केट चपटं झालं, पहिल्याच पावसात पाणी त्यांच्या अंथरुणावर टपकलं. ती गादी मी भरून दिली. तेव्हापासून प्रत्येक बोल्ट मोजून आवळतो.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून पुण्याहून, कोल्हापूरहूनही विचारणा होते. तिकडच्यांना माझं सांगणं दोनच वाक्यांचं: कोकणासाठी हीट पंपावर एक रुपयाही घालवू नका. आणि इथला जुना एसी स्वस्तात मिळतो म्हणून मागवू नका, तो १२० व्होल्टवर आणि ६० हर्ट्झवर चालतो, आपल्याकडे २३० आणि ५० आहे.

काका-काकू यंदाच्या जानेवारीत इथल्याच युमा शहरात होते. एके दिवशी सकाळी काकूंचा फोटो आला. खिडकीबाहेर टांगलेला थर्मामीटर, ३८ वर काटा. खाली लिहिलं होतं: "फर्नेस लावली आहे. दहा वाजले की वरचा सुरू करू. सिलिंडर दोन्ही भरलेले."