मावशी, माझा कोर्सच हरवला!

रविवारी सकाळची वंदना आटोपली की आमच्या वस्तीतील वाचनालयाच्या खोलीत मुले जमू लागतात. खोली म्हणजे काय, दहा बाय बाराची जागा, दोन जुने संगणक, एक फळा आणि कुठल्याशा लग्नातून उरलेल्या खुर्च्या. मी शिक्षिका नाही. सातपूरच्या एका कारखान्यात कॉइल वाइंडिंगच्या खात्यात बावीस वर्षे काम केले आणि घरी बसले. संगणकातले जे काही मला येते, ते मुलांच्या खुर्चीमागे उभे राहून शिकलेले आहे. तरी मुले येतात. वर्गात न बसता शिकणाऱ्याची वाट नेमकी कुठे चुकते, तेवढे मात्र मला कळते.

ते कळण्याचे कारण जुने आहे. १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले आणि ते आपल्या नाशकात आले. डॉ. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचे ब्रीद आम्ही बसवर, भिंतीवर वाचायचो. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही सहा महिन्यांचा पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीला बसता येते असे कळले, आणि मी नाव घातले. दोन मुले, पाळीची नोकरी, सासूबाईंचे आजारपण, सगळे चालूच होते. त्या वेळी पुस्तकेच आम्हाला बोट धरून नेत. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मध्ये प्रश्न, शेवटी उत्तरे. पान उलटले की पुढची वाट दिसे. पुस्तक हरवत नाही, चुलीजवळ ठेवले तर चुलीजवळच सापडते.

आताच्या मुलांचे तसे नाही. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे संकेतस्थळ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. नववीपासून पदव्युत्तरपर्यंतचे अभ्यासक्रम त्यावर आहेत आणि शिकायला पैसे पडत नाहीत. अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे पुष्कळसे कोर्स ‘एनपीटेल’चे, म्हणजे आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून चालवलेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली नियम केला, की एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घेता येतील. म्हणून महाविद्यालये सांगतात, एक कोर्स करा. एवढे सांगतात आणि थांबतात. कुठे जायचे, काय दाबायचे, हे मुलाने आपले आपण शोधायचे. ज्या घरात मोठा भाऊ इंजिनियर आहे तिथे ते सापडते. आपल्याकडे घरात शिकणारी तीच पहिली, मग विचारायचे कोणाला?

२०२३ च्या पावसाळ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी रडतच आली. बाप अंबडला कारखान्यात, आई चार घरची धुणीभांडी करणारी. तिने आयआयटी रोपडचा ‘द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन’ हा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला होता. म्हणाली, “मावशी, माझा कोर्सच हरवला. तीन आठवडे गृहपाठ दिले, आता उघडते तर नावच नाही. उद्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे.”

कोर्स हरवत नसतो, हे मला तोवर ठाऊक झाले होते. मी विचारले, “मधे फोन बदललास का गं?” बदलला होता. जुन्याची काच फुटली, तो मामाकडे ओझरला गेला. नव्या फोनवर दुकानदाराने नवीन जीमेल काढून दिले. तिने त्याच नव्या पत्त्याने आत प्रवेश केला. संकेतस्थळाच्या दृष्टीने ती आता वेगळीच बाई! तिचा कोर्स जुन्या पत्त्याच्या नावाने जागच्या जागी होता. माझ्याकडे येणाऱ्या दहा मुलांतील पाचसहांचा घोटाळा हाच असतो.

जुना पत्ता आठवला, सांकेतिक शब्द आठवेना. तो बदलायचा तर सहा आकडी ओटीपी तिच्या पप्पांच्या फोनवर येणार. पप्पा दुसऱ्या पाळीला. त्यांच्या कारखान्यात फोन गेटवर जमा करावा लागतो. मुलीने गेटवर निरोप ठेवला. रात्री जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर आले, वॉचमनच्या केबिनशी उभे राहिले आणि आकडे वाचू लागले. माणूस घाबरलेला. एकेक आकडा आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. या वेळी मीच फोन घेतला आणि म्हटले, “दादा, लग्नाची पत्रिका वाचता तसं नका वाचू, नुसते सहा आकडे सांगा.” ते हसले, आणि आकडे बरोबर लागले. कोर्स उघडला.

पण पुढे पाहते तर चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या आठवड्याचे गृहपाठ चुकलेले. तिने पुन्हा डोळ्यांना पदर लावला. तेव्हा मी फळ्यावर हिशेब मांडला. एनपीटेलमध्ये बारा आठवड्यांच्या कोर्सला बारापैकी सर्वांत चांगले आठ गृहपाठ धरतात. त्यांना २५ गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. उत्तीर्ण व्हायला गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात. तिचे तीन झालेले, सहा राहिलेले. नऊ झाले! आठ हवेत. “एक आजारपणालाही शिल्लक आहे बाई,” मी म्हटले. हा नियम कोर्सच्या पहिल्याच पानावर खाली लिहिलेला असतो. ते पान इंग्रजीत आणि लांबलचक. मुले वर असलेले ‘जॉइन’चे बटण दाबतात आणि खाली जातच नाहीत.

दुसरी अडचण त्याहून मोठी. ‘जॉइन’ केले म्हणजे परीक्षेला नाव गेले, असे सगळ्यांना वाटते. तसे नाही. कोर्सला नाव घालणे वेगळे आणि परीक्षेचा अर्ज वेगळा. त्याची मुदत कोर्स चालू असतानाच संपते. शिकणे फुकट, परीक्षेला मात्र फी. त्या साली एका परीक्षेला हजार रुपये होते आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला निम्मे. त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र चढवावे लागते. १९९० साली कायदा बदलून बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातीच्या यादीत घेतले, तेव्हा कुठे आपल्या मुलांना अशा जागी हक्काने उभे राहता आले. पण तो कागद घरात सापडला पाहिजे! या मुलीचा कागद धान्याच्या कोठीमागच्या पिशवीत होता, घडीवर शाई उडालेली. फोनने काढलेला फोटो पुसट आला. सकाळी त्र्यंबक रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन नीट स्कॅन केला आणि दुपारी बाराला अर्ज गेला. पाचशे रुपये आईने मालकिणीकडून पगारातले उचलून आणले होते.

त्या दिवसापासून मी एक शंभर पानी वही केली. एका मुलाला एक पान. जीमेलचा पत्ता त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा. सांकेतिक शब्द माझ्या वहीत नाही, तो आपापल्या घरी. मग दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव जसेच्या तसे, कारण प्रमाणपत्रावर अर्जातलेच नाव येते. कोर्सचे नाव, आठवडे किती, परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख लाल शाईने. खाली बारा चौकोन. गृहपाठ दिला की चौकोनात बरोबरची खूण.

फळ्यावर मी संकेतस्थळाचा नकाशा काढते, घराचा काढावा तसा. डाव्या बाजूला आठवड्यांची उभी यादी, ती आपली माडीची शिडी. प्रत्येक आठवड्यावर दाबले की आत व्हिडिओ आणि शेवटी गृहपाठ. वर ‘प्रोग्रेस’, तिथे आपले गुण. ‘आस्क अ क्वेश्चन’, तिथे शंका विचारायची. तिथे लिहायला मुले लाजतात. इंग्रजी चुकेल म्हणून! मी म्हणते, चुकू दे, तुला पायथन विचारायचा आहे. गृहपाठाखाली शेवटची तारीख आणि रात्रीचे २३:५९ लिहिलेले असते. आधी साल, मग महिना, मग दिवस, असा उलटा क्रम. एका पोराला तोच कळला नव्हता. मुदतीपर्यंत उत्तरे कितीही वेळा बदलून पाठवता येतात, शेवटचे धरतात. हे सांगितले की मुलांच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते. मग ती पहिल्याच दिवशी अर्धेमुर्धे पाठवून ठेवतात आणि पुढे सुधारतात.

खरा तंटा निघतो तो घरच्या फोनवरून. घरात चांगला फोन एकच आणि तो बापाबरोबर ड्युटीवर. आया मला म्हणतात, पोरगी फोन घेऊन बसते, काम करत नाही. मी त्यांना ती वही दाखवते. बाई, हा चौकोन बुधवारचा आहे, बुधवारी रात्री दोन तास फोन तिचा. भाकरी तू थाप. कोणी ऐकतात, कोणी नाही. एकीचा नवरा म्हणाला, मुलाला ठीक आहे, मुलीला कशाला? त्याच्या मुलीचे पान अजून चार चौकोनांवर थांबले आहे. मी ते फाडलेले नाही.

पायथनवाली मुलगी त्या साली परीक्षेला बसली. तीन तासांचा पेपर, संगणकावर. पप्पांनी पाळी बदलून घेतली होती. ते सकाळी केंद्राबाहेर रसवंतीच्या बाकावर बसून राहिले. निकाल आला तेव्हा पास झाली होती, गुण फार नव्हते. श्रेयांक मिळाले, वर्ष सुटले. आता ती रविवारी येते आणि तळाच्या चार पानांवरच्या मुलांना तीच बघते.

जुलै आणि जानेवारी, अशी वर्षातून दोन सत्रे असतात. येणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगते: दहावीची गुणपत्रिका, जातीच्या प्रमाणपत्राची स्वच्छ प्रत आणि ज्या फोनवर ओटीपी येतो तो फोन, एवढे घेऊन या. फोन वडिलांचा असेल तर वडिलांनाच घेऊन या. खुर्च्या आहेत.