शुक्रावरची पश्चिम

पृथ्वीच्या उत्तर ध्रुवाच्या वर, खूप उंचावर जाऊन खाली पाहिलं, तर आठही ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने जाताना दिसतील. देवळात आपण घालतो त्या प्रदक्षिणेच्या नेमकी उलटी ही दिशा. सूर्य स्वतःभोवती तसाच फिरतो, पृथ्वी तशीच, आपला चंद्रही तसाच. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक ढग आकसत गेला, त्याचं हे फिरणं. ढग कधीच विरला. फिरणं मागे उरलं.

या एकमतापेक्षा माझा जीव गुंततो तो वेगळ्या वाटेने जाणाऱ्यांत. नेपच्यूनचा ट्रायटन घ्या. १८४६ साली, नेपच्यून सापडल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा विल्यम लॅसेल यांना तो दिसला. नेपच्यून स्वतःभोवती फिरतो त्याच्या उलट दिशेने हा त्याच्याभोवती फिरतो. इतका मोठा असूनही उलटा फिरणारा दुसरा चंद्र सूर्यमालेत नाही. तो नेपच्यूनच्या घरचा नव्हेच. दूरच्या थंड पट्ट्यातून आला आणि इथे अडकला, असं मानतात. त्याची दिशाच त्याचं मूळ गाव सांगते.

शुक्र मात्र सांगत नाही. संध्याकाळी पश्चिमेला लखलखणारी ही चांदणी स्वतःभोवती उलटी फिरते, आणि किती सावकाश! एका गिरकीला २४३ दिवस. सूर्याभोवतीची फेरी त्याआधीच, २२५ दिवसांत पुरी होते. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो आणि पुन्हा उगवायला आपले ११७ दिवस घेतो. दाट ढगांतून ते बिंब जमिनीवरून दिसायचंही नाही. त्याच ढगांमुळे शुक्राचं फिरणं आपल्यालाही दुर्बिणीतून कळलं नाही. १९६०च्या दशकात रडारच्या लहरी शुक्रावर आपटून परत आल्या, तेव्हा ते उमगलं.

पण उलटं का? एखादी प्रचंड धडक बसली असेल, असं काहींना वाटतं. अलेक्झांड्र कोरेया आणि जाक लास्कार यांनी २००१ साली दाखवलं की धडकेची गरजच नाही. सूर्याच्या ओढीने आणि त्याच्या उष्णतेने जड वातावरणात उठणाऱ्या भरतीने ग्रहाला एवढं बदलता येतं. शुक्राचा अक्षच उलथला असेल, किंवा गिरकी मंदावत पार थांबून उलटी सुरू झाली असेल. दोन्ही वाटांचा शेवट एकच, आणि शुक्र यांतल्या कोणत्या वाटेने आला हे त्याच्या आजच्या गिरकीवरून ठरवता येत नाही.