दोन सूत

मराठीचा प्राध्यापक क्लच आणि गिअरबॉक्सवर लिहायला बसला आहे हे पाहून काही वाचक मुकाट्याने पान उलटतील. त्यांना मी दोष देत नाही. वीस वर्षे वर्गात संधी आणि समास सोडवून दाखवणाऱ्या माणसाचा पान्याशी संबंध येतो तो फार तर न्हाणीघरातला नळ गळू लागल्यावर. पण गेल्या कार्तिकात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मला मोटारीचे व्याकरण शिकावे लागले. आणि ते शिकवणारे गुरुजी घरातच, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसलेले होते.

आमच्याकडे 1968 सालची एक स्टँडर्ड हेराल्ड आहे. तरुण वाचकांना हे नाव ठाऊक नसेल. एकेकाळी आपल्या रस्त्यांवर अँबॅसडर, फियाट आणि हेराल्ड अशी मोटारींची तीनच मोठी घराणी होती. हेराल्ड इंग्लंडात 1959 साली निघाली, तिचा तोंडवळा मिकेलॉत्ती नावाच्या इटालियन कलावंताने रेखाटला, आणि 1961 पासून ती मद्रासला बनू लागली. तिचाच सांगाडा आखूड करून इंग्रजांनी 1962 साली स्पिटफायर नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची शर्यती बाण्याची गाडी काढली. दोघींचा गिअरबॉक्स एकाच कुळातला. एवढ्या आधारावर आमचे बाबा हेराल्डला खुशाल 'स्पोर्ट्स कार' म्हणत, आणि ताशी पन्नास किलोमीटरच्या वर तिला कधी जाऊ देत नसत. टपाल खात्यातल्या पगारातून त्यांनी ती 1984 साली जुनीच घेतली. तेव्हापासून दर त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही तिच्यातून रामटेकला जातो. कालिदासाच्या यक्षाला रामगिरीवर वर्षभर राहावे लागले. बाबांना वर्षातून एक दिवस पुरतो.

तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली, हात सुधारला. डावा पाय मात्र रुसला तो रुसलाच. आणि क्लच हा डाव्या पायाचा विषय. किल्ली माझ्याकडे आली ती अशी.

गेल्या वर्षी पौर्णिमेच्या आधी आठवडाभर, गाडी नीट आहे ना हे पाहावे म्हणून मी कामठी रोडने निघालो. लाल दिवा लागला म्हणून थांबलो. हिरवा झाल्यावर पहिला गिअर टाकायला गेलो, तर खर्रर्र असा आवाज झाला की शेजारच्या स्कुटरवरची बाई दचकली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खर्रर्र. ठिकाणाचे नाव ऑटोमोटिव्ह चौक. दैवालाही विनोदाचे अंग असते. "ओ काका, सरकवा ना बाप्पा!" असा मागून घोष सुरू झाला, आणि शेवटी घोष करणाऱ्यांनीच गाडी कडेला ढकलून दिली.

जवळच्या एका गॅरेजमधला माणूस आला. त्याने इंजीन सुरू करून दांडा एकदा हलवला, आवाज ऐकला आणि निकाल दिला, "साहेब, गिअरबॉक्स गया. इसका सामान अब कहां मिलता है? निकाल दो." नाडी न पाहता मृत्यूचा दाखला लिहावा तसा. वर एका भंगारवाल्याचा नंबरही दिला. खोटे कशाला सांगू, गाडी ओढत धंतोलीला आणल्यावर मी त्याच दुपारी त्या नंबरावर फोन केला. रक्कम वाईट नव्हती. पौर्णिमा झाल्यावर सांगतो, म्हणालो. बोलत होतो व्हरांड्यात. आरामखुर्ची खिडकीपलीकडे आहे, हे भान मला राहिले नाही.

संध्याकाळी चहा घेताना बाबांनी विचारले, "किती म्हणाला?"

"कोण?"

"भंगारवाला."

मी कपात पाहू लागलो. ते आणखी काही बोलले नाहीत. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मला तो आवाज ऐकव."

काठी टेकत ते अंगणात आले. मी इंजीन सुरू करून दांडा ओढला. त्यांनी हात वर केला. "बंद कर. आता इंजीन बंद असतानाच चारही गिअर टाकून पाह्य." चारही गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडले. "मग गिअरबॉक्सचं काय गेलं?" असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. नापास विद्यार्थ्याकडे मी कसे पाहत असेन ते मला त्या दिवशी कळले.

पुढचा तास मी लिहून घ्यायला हवा होता. इंजीन बंद असताना गिअर सरळ पडतात आणि चालू असताना ओरडतात, याचा अर्थ दाते आणि दांडे शाबूत आहेत. क्लच इंजिनाला पुरते सोडत नाही. हेराल्डच्या पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे फिरत्या दात्यांचा वेग जुळवून देणारा मध्यस्थच नाही, म्हणून उभ्या गाडीत सगळ्यात आधी हेच दोन बोंबलतात. चालत्या गाडीत एकच गिअर टाकताना खरखर झाली तर त्या गिअरचा सिंक्रोमेश झिजलेला. टाकलेला गिअर आपोआप उडाला, तर दांडा जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग पाहावी. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि पेडल दाबताच थांबते, तर बेअरिंग गिअरबॉक्सचे. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते, तर क्लचचे. आणि इंजीन गुरगुरते पण गाडी पळत नाही, जळका वास येतो, तर क्लच सोडत नाही असे नसून धरत नाही. रोग अगदी उलटा, औषधही उलटे.

मला एकदम संधी-विग्रह आठवला. इंजीन हे एक पद, चाके हे दुसरे. आधीचा विग्रह पुरता झाल्याशिवाय नवी संधी करू पाहाल तर जो उच्चार होतो तो ऑटोमोटिव्ह चौकात सगळ्यांनी ऐकला होता. हे मी बाबांना सांगितले. ते म्हणाले, "ते कॉलेजात सांग. उद्या सकाळी आतलं झाकण काढ."

हेराल्डची ही एक खुबी. गिअरबॉक्सवरचे झाकण आतून, दोन सीटांच्या मधून निघते. खड्डा नको, जॅक नको. सकाळी बायको शाळेत शिकवायला गेल्यावर मी डावी सीट काढली, झाकण उचलले आणि खाली उकिडवा बसलो. क्लचवर एक लहानसे सिलिंडर असते. पेडल दाबले की पुढच्या मोठ्या सिलिंडरातले तेल या धाकट्यात येते आणि त्यातला दट्ट्या दांडी ढकलतो. ती दांडी किती सरकते ते मोजायचे होते, आणि त्यासाठी पेडल दाबायला दुसरा माणूस हवा होता. मी शेजाऱ्यांच्या मुलाला हाक मारायला उठलो.

"काहून? मी आहे ना," बाबा म्हणाले.

त्यांना ड्रायव्हरच्या जागी बसवायला दहा मिनिटे लागली. डावा पाय त्यांनी स्वतःच दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला आणि उजवा क्लचवर आणला. तीन वर्षांनी ते त्या चाकामागे बसले होते. माझे डोके त्यांच्या गुडघ्याशेजारी, हातात शाळकरी पट्टी. "दाबा." पाय थरथरत खाली गेला. दांडी जेमतेम दोन सूत सरकली.

"किती?"

"दोन सूत."

"चार हवी," ते म्हणाले आणि पाय वर घेतला.

पण त्यांना भीती निराळीच होती. या इंजिनाचे एक जुने दुखणे आहे. क्लच दाबला की क्रँकशाफ्टवर पुढच्या बाजूला रेटा येतो आणि तो दोन अर्धचंद्राकृती वॉशर पेलतात. सिग्नलला उगाच क्लच दाबून बसायची सवय असली की ते झिजतात, आणि पार झिजले तर खालच्या तेलाच्या टाकीत गळून पडतात. मग शाफ्ट सरळ ब्लॉकलाच खाऊ लागतो. त्यानंतर मात्र भंगारवालाच खरा. आणि सिग्नलला क्लच दाबून बसायची सवय कोणाला होती, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. हेराल्डचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते. मी समोर जाऊन पुलीच्या कडेशी पट्टी धरली आणि ओरडलो, "दाबा!" काचेपलीकडे त्यांचा चेहरा लाल झाला. "सोडा." पुन्हा दाबा. पुन्हा सोडा. पुली पट्टीजवळून डोळ्यांना दिसेलशी हलली नाही. मी नाही म्हणून मान हलवली, तेव्हा त्यांनी डोके सीटला टेकले.

उरलेले सोपे होते. धाकट्या सिलिंडराचे रबरी बूट बाजूला करताच आतून तेल ठिबकले. आतली रबराची वाटी कुजली होती; तेल तिच्या कडेने निसटत होते, दांडी ढकलणार कोण? महालातल्या एका दुकानदाराने जुनी वाटी बोटांत फिरवली, मापाला मापाने जुळवून नवी काढून दिली आणि चहाच्या तीन कपांइतके पैसे घेतले. नळीतली हवा काढायला पुन्हा दोघे लागलो. "दाबा, धरा, सोडा" हा मंत्र मी किती वेळा म्हटला असेन कोण जाणे. मध्ये मी म्हटले, "बाबा, थांबू या का थोडं?" त्यांनी ऐकले नाही असे दाखवले. शेवटी बुडबुडे संपले आणि मी पट्टी लावली. चार सूत, आणि वर केसभर.

पौर्णिमेला आम्ही रामटेकला गेलो. बायको मागे, बाबा माझ्या डाव्या हाताला. ऑटोमोटिव्ह चौकात दिवा पुन्हा लालच मिळाला. मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून क्लचवरचा पाय काढला. बाबा सरळ समोर पाहत होते. गडाच्या पायथ्याशी चणे खात बसलो असताना त्या भंगारवाल्याचा फोन आला. मी काही न बोलता तो बाबांकडे दिला. त्यांनी दोन वाक्ये ऐकून घेतली, "गाडी बाहेरगावी गेली आहे," असे सांगितले आणि फोन माझ्या खिशात घातला.

परतीच्या वाटेवर मनसरच्या वळणाआधी मी तिसऱ्यातून दुसरा टाकला. बारीकशी खरखर झाली.

"हा मात्र गिअरबॉक्सचाच," बाबा अंधारात म्हणाले. "दुसऱ्याचा सिंक्रोमेश झिजला आहे, मी घेतली तेव्हापासून. क्लच दोनदा दाबत जा. आणि मध्ये जरा थांब."