बदनापूरची वर्गणी

जालन्याहून एस.टी.ने बदनापूरला उतरलो. अनुसूचित जातींसाठी राखीव असा जालना जिल्ह्यातला हा एकच विधानसभा मतदारसंघ. वस्तीत चहा घेताना एक ताई म्हणाल्या, "भाऊ, जागा आपली, पण प्रचाराच्या गाड्या कोणाच्या?"

प्रश्न बिनतोड होता. २०२४ साली इथे उमेदवाराची अनामत ५ हजार रुपये आणि खर्चाची मर्यादा ४० लाख होती. अनामत वर्गणीतून भरता येते. ४० लाख कुठून आणायचे? शिवाय पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. अमेरिकेत तर २०१० च्या न्यायालयीन निकालापासून कंपन्यांनाही स्वतंत्र प्रचारावर हवा तेवढा पैसा ओतता येतो.

जो खर्च करतो, तोच पुढे जाब विचारतो. म्हणून बांधवांनो, पाच-दहा रुपये का होईना, वर्गणी आपली असू द्या.